ई-रीडरचा पीस चांगला निघाला की नाही? पडदा आणि उजेडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग-मुरूडपासून वेंगुर्ले-सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांकडून ई-रीडरबद्दल, म्हणजे पुस्तकं वाचायच्या हातात मावणाऱ्या यंत्राबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचं मूळ एकच असतं. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा रीडर शेजारच्या घरात छान चालतो आणि आपल्याकडे आलेला मात्र कुठे पिवळट, कुठे काळपट दिसतो. हा फरक खरा आहे. तो कारखान्यातच पडतो आणि परत करायची मुदत असेपर्यंतच त्यावर सोपा इलाज असतो. ज्यांच्या हातात आजच खोका आलाय, त्यांनी आधी प्रश्न ७ वाचावा, बाकीचं सावकाश.

१. ई-रीडरचा पडदा मोबाइलपेक्षा वेगळा म्हणजे नेमका कसा?

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरचा पडदा कागदासारखा असतो, बाहेरून पडलेला उजेड तो परत पाठवतो. त्यामुळे भर दुपारी अंगणात बसूनही अक्षरं स्पष्ट दिसतात.

जवळजवळ सगळ्या रीडरमध्ये ई-इंक या एकाच कंपनीचं तंत्र असतं. १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या कामातून ही कंपनी उभी राहिली आणि २००९ मध्ये तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलने ती घेतली. या पडद्यात सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे व काळे कण असतात. दोन्हींवर विरुद्ध विद्युतभार असतो, त्यामुळे वीज जशी द्यावी तसे पांढरे तरी वर येतात नाहीतर काळे. एकदा कण जागेवर बसले की पान तसंच राहतं, त्याला वीज लागत नाही. बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते ती यामुळेच.

२. पडदा कागदासारखा आहे, मग रात्री उजेड कुठून येतो?

समोरून. पडद्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा एक थर चिकटवलेला असतो. कडेला, बहुतेक वेळा खालच्या बाजूला, चौकटीच्या आत लहान एलईडी दिवे बसवलेले असतात. त्यांचा प्रकाश या थरात आडवा शिरतो आणि थरावरच्या अतिसूक्ष्म खुणांवर आपटून खाली पडद्याकडे वळतो. तिथून परतून तो आपल्या डोळ्यांत येतो.

असा उजेड असलेले रीडर २०१२ पासून रुळले, आधी बार्न्स अँड नोबलचा नूक आणि त्याच वर्षी अॅमेझॉनचं किंडल पेपरव्हाइट. पुढे पांढऱ्या दिव्यांच्या जोडीला तांबूस दिवे आले आणि उजेडाचा रंग कमीजास्त करता येऊ लागला. पडदा आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं पक्कं लक्षात ठेवा. खालची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

३. माझा आणि बहिणीचा रीडर एकाच मॉडेलचा, एकाच दिवशी मागवलेला. तिचा पांढराशुभ्र, माझा पिवळट. असं कसं?

या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर द्यावं लागेल, कारण फरक पडायच्या जागा बऱ्याच आहेत.

आधी दिवे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थाचा पिवळा लेप देतात आणि निळा-पिवळा मिळून आपल्याला पांढरा दिसतो. लेप किंचित जाड झाला की दिवा पिवळट होतो, पातळ झाला की निळसर. एका घाण्यात बनलेले दिवेसुद्धा सारखे निघत नाहीत, म्हणून कारखान्यात त्यांची रंगानुसार प्रतवारी होते. काटेकोर प्रतवारी महाग पडते. रीडर बनवणारा जेवढी ढिलाई चालवून घेईल, तेवढा फरक तुमच्या घरापर्यंत येतो.

मग प्रकाश वाहून नेणारा थर. त्याच्यावरच्या खुणा दिव्याजवळ विरळ आणि लांब गेल्यावर दाट ठेवाव्या लागतात, नाहीतर दिव्याजवळचा भाग झगमगेल आणि वरचा अंधारात राहील. हे गणित बरोबर असलं तरी प्लास्टिक स्वतः निळा प्रकाश जरा जास्त खातं, त्यामुळे दिव्यापासून लांब गेलेला उजेड थोडा पिवळट होत जातो. थर चिकटवताना गोंद एखाद्या कोपऱ्यात कमीजास्त झाला, तर तिथे उजेडाची चाल बदलते. दिवा आणि थराची कड यांच्यातलं अंतर केसभर हललं तरी फरक दिसतो.

शेवटी पडदा. प्रत्येक ई-इंक पडद्याला व्हीकॉम नावाचा एक ठरावीक व्होल्टेज लागतो आणि तो पडद्यागणिक वेगळा असतो. रीडर उघडून पाहिलात तर पडद्याच्या चपट्या केबलवर हा आकडा छापलेला सापडतो, उणे दीड व्होल्ट किंवा त्याच्या आसपासचा. उत्पादकालाच कबूल आहे की कुठलेही दोन पडदे एकसारखे नसतात, म्हणून तर प्रत्येकावर वेगळा आकडा घालावा लागतो. तो रीडरमध्ये नीट भरला नाही की काळा रंग राखाडी होतो आणि मागचं पान पुसट दिसत राहतं.

असे सगळे फरक एकमेकांवर चढतात. बहिणीच्या रीडरमध्ये ते एकमेकांना झाकून गेले, तुमच्यात एकाच दिशेला गेले. डोळे तुमचे ठीक आहेत.

४. दोष पडद्याचा आहे की उजेडाचा, घरच्या घरी कसं ओळखायचं?

दिवसा ओटीवर किंवा खिडकीशी बसा आणि रीडरचा उजेड पूर्ण बंद करा. पिवळेपणा, डाग, सावली गेली तर दोष उजेडाचा. तसाच राहिला तर पडद्याचा. काही जुन्या मॉडेलमध्ये उजेड पूर्ण बंद होतच नाही, पण उन्हात तो अगदी कमी केला की एवढं कळायला पुरतं.

मग उजेड लावून रीडर उलटा करा, खालची बाजू वर. पिवळी कड रीडरबरोबर फिरली तर दोष रीडरमध्ये आहे. ती तुमच्या छातीच्या बाजूलाच राहिली, तर तुम्ही बघताय तो कोन आणि खोलीतला दिवा यांचा तो परिणाम आहे.

५. आमच्या रीडराचो उजेड खालसून पिवळो दिसता. ह्यो भास तर नाय ना?

भास नाही. प्रश्न ४ मधली दोन्ही कामं करून बघा. खालची कड दिव्यांच्या अगदी जवळ असते, त्यामुळे चूक पहिल्यांदा तिथेच उघडी पडते. दिव्यांच्या मधल्या जागेत सावल्या पडतात आणि दिव्यांसमोर उजेडाचे शंकू दिसतात, हीसुद्धा त्याच चुकीची दुसरी रूपं.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही हे उघडपणे झालेलं आहे. २०१२ च्या पहिल्या पेपरव्हाइटमध्ये खालच्या कडेला सावल्या दिसत होत्या आणि खालचा उजेड अगदी एकसारखा नसतो, हे अॅमेझॉनने स्वतःच लिहून टाकलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रंगीत पडद्याचं किंडल कलरसॉफ्ट आलं, तेव्हा काही ग्राहकांना खाली पिवळा पट्टा दिसला. कंपनीने ते मान्य करून पुढच्या उत्पादनात दुरुस्ती केली. म्हणून ‘एवढ्या मोठ्या कंपनीचा माल खराब कसा असेल’ असं म्हणून गप्प बसू नका.

किती पिवळं म्हणजे परत करावं? मी पुढचा नियम लावतो आणि इतरांनाही तोच सांगतो. कथा-कादंबरीचं पान उघडून अर्धा तास वाचा. नजर आपोआप त्या पट्ट्याकडे जात राहिली तर परत करा. शोधायला गेल्यावरच दिसत असेल तर ठेवा.

६. महागातलं मॉडेल घेतलं तर हा त्रास होणार नाही ना?

कमी होऊ शकतो, पण खात्री नाही. दिवे जास्त असले की उजेड सारखा पसरवणं सोपं जातं. २०१८ च्या पेपरव्हाइटमध्ये ५ दिवे होते, २०२१ च्या मॉडेलमध्ये पांढरे-तांबूस मिळून १७. दुसऱ्या बाजूने, दोन रंगांचे दिवे आले की ते एकमेकांत नीट मिसळावे लागतात. मिसळले नाहीत तर उजेडाचा रंग मधोमध ठेवल्यावर फिकट-तांबूस पट्टे दिसतात. म्हणजे महाग रीडरमध्ये जुना दोष कमी होतो आणि एका नव्या दोषाला वाव मिळतो. किंडल, कोबो, बूक्स सगळ्यांचे पडदे मुळात एकाच घरचे. चिकटवणं, दिवे आणि तपासणी कोण किती मन लावून करतं, फरक तिथे पडतो.

७. रीडर आजच आला. काय काय तपासू?

पहिल्याच संध्याकाळी तपासा. ‘रविवारी बघू’ म्हणालात तर मुदतीतले दिवस जातात आणि आपल्याकडे पावसाळ्यात कुरिअरवाला पुन्हा यायलाच आठवडा लागतो.

खोका फोडताना सलग व्हिडिओ काढा, त्यात पत्त्याचं लेबल आणि मागचा सिरियल नंबर दिसू दे. रीडर चार्ज करून अपडेट होऊ द्या. मग अंधार पडल्यावर खोलीतले दिवे बंद करा आणि पाच मिनिटं तसेच बसा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. पूर्ण पांढरं पान उघडा. मोबाइलवर पांढऱ्या पानाची एक पीडीएफ करून रीडरवर पाठवली की काम होतं. उजेड आधी अगदी कमी ठेवा, मग मध्यम, मग पूर्ण. असमान उजेड सगळ्यात जास्त दिसतो तो कमी उजेडात, आणि दुकानात नेमकं तेच कोणी तपासत नाही. तांबूस दिवे असतील तर पूर्ण पांढरा, पूर्ण तांबूस आणि मधला, असे तिन्ही रंग पाहा.

यानंतर पूर्ण काळं पान. त्यावर पांढरे ठिपके किंवा आरपार गेलेली बारीक रेघ दिसते का बघा. रेघ दिसली तर पुढे काही तपासत बसू नका, तो पीस परत पाठवा.

शेवटी मराठी मजकूर उघडा. या कामात देवनागरी रोमन लिपीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण शिरोरेखा पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळीओळीने जाते. एक ओळ डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जा. रेघ एका टोकाला काळी आणि दुसऱ्या टोकाला राखाडी वाटली तर पडदा सगळीकडे सारखा नाही. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ पाहा. ‘ध’ आणि ‘भ’च्या डोक्यावरची शिरोरेखेतली फट स्पष्ट दिसली पाहिजे. ती भरून गेल्यासारखी दिसत असेल, तर आधी अक्षराचा आकार एक घर वाढवून बघा आणि मग प्रश्न ९ वाचा.

८. अंधारात पानावर एकच टाचणीएवढा ठिपका चमकतो. पिक्सेल मेलाय का?

बहुधा नाही. उजेड बंद केल्यावर ठिपका नाहीसा झाला, तर प्रकाशाच्या थरात धुळीचा कण किंवा हवेचा बुडबुडा अडकलेला आहे. आडवा जाणारा प्रकाश त्यावर आपटतो आणि ती जागा चमकते. बाहेरून पुसून तो जाणार नाही, दाबून तर मुळीच नाही. उजेड बंद असतानाही ठिपका काळा किंवा पांढरा राहिला तर तो पडद्याचा दोष. मजकुराच्या मधोमध असला की तो अनुस्वारासारखा दिसतो आणि मराठी वाचताना फार त्रास देतो. मधला ठिपका असेल तर बदलून घ्या. अगदी कडेला, समासात असेल तर तुम्ही ठरवा.

९. इंग्रजी पुस्तकं ठीक दिसतात, मराठी अक्षरं मात्र फिकी. पीस खराब आहे?

नेहमीच नाही. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरपासून मिळू लागली. मराठीसाठी फाँटची निवड इंग्रजीपेक्षा कमी असते आणि त्यातल्या काहींच्या रेषा बारीक असतात. ई-इंकचा पडदा राखाडीच्या १६ छटा दाखवतो. बारीक रेषेच्या कडा या छटांमध्ये जातात आणि अक्षर धूसर वाटतं. फाँट जाड करायची सोय असेल तर आधी ती वापरा.

पडदा किती दाट आहे तेही बघा. इंचाला ३०० ठिपक्यांच्या पडद्यावर जोडाक्षरं नीट उमटतात, १६७ ठिपक्यांच्या जुन्या स्वस्त रीडरवर ‘ष्ट्य’सारखं जोडाक्षर गिचमिड होतं. तो त्या मॉडेलचाच स्वभाव, पीस बदलून फरक पडणार नाही.

हे सगळं करूनही काळा रंग काळा न वाटता शिशाच्या पेन्सिलीसारखा वाटत असेल, तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रीडरशेजारी ठेवून तेच पान, तोच फाँट बघा. फरक दिसला तर पीस फिका आहे, आणि ते परत करायला पुरेसं कारण आहे.

१०. पान उलटल्यावर मागच्या पानाची अक्षरं पुसट दिसतात.

थोडे ठसे हा या तंत्राचाच भाग आहे. सेटिंगमध्ये दर पानाला पडदा रिफ्रेश करायचा पर्याय लावा. पान उलटताना क्षणभर काळं होईल, पण ठसे जातील. काळ्या पानावर पांढरी अक्षरं ठेवलीत तर ठसे जास्त दिसतात. रिफ्रेश लावूनही मागचं पान वाचता येईल इतकं उरत असेल, किंवा ठसे एकाच पट्ट्यात राहत असतील, तर दोष पडद्याचा.

११. रंगीत रीडर घेतला. पान मातकट आणि दाणेदार दिसतं. बदलून घेऊ?

आधी हे समजून घ्या की रंगीत पडदा म्हणजे काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांच्या गाळणीचा थर. गाळणी उजेड खाते, म्हणून पान साध्या रीडरपेक्षा काळपट दिसणारच. ई-इंकच्या कॅलिडो ३ या रंगीत पडद्यावर काळा-पांढरा मजकूर इंचाला ३०० ठिपक्यांचा असतो, पण रंग १५० चा. सगळ्या पानावर सारखा बारीक दाणा दिसतो तोसुद्धा त्या गाळणीचाच. यातलं काहीच पीस बदलून जाणार नाही. दाणा एका भागात जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसत असेल, किंवा एक कोपरा वेगळ्या रंगाचा असेल, तर मात्र बदला. केवळ कादंबऱ्या वाचणाऱ्याने रंगीत रीडर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१२. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. दमट हवेने पडदा खराब होतो का? आणि हा दोष कारखान्याचा की हवेचा, हे कसं ठरवायचं?

पडद्याच्या कडा सीलबंद असतात, साध्या दमट हवेने तो लगेच बिघडत नाही. पण सील कच्चं राहिलं असेल तर ओल तिथूनच आत शिरते, म्हणून कोकणात कच्चा पीस लवकर उघडा पडतो.

ओळखायची खूण सोपी आहे. कारखान्याचा दोष पहिल्या दिवशी असतो आणि त्याचा आकार बदलत नाही. ओलीचा डाग कडेपासून सुरू होतो आणि आठवड्या-आठवड्याने आत सरकतो. म्हणून पहिल्या दिवशीचे फोटो जपून ठेवा, प्रश्न १४ मध्ये सांगितलंय तसे काढलेले.

सगळ्यात वाईट म्हणजे थंडगार रीडर एकदम दमट हवेत काढणं. रेल्वेच्या एसी डब्यातून कणकवलीला किंवा चिपळूणला उतरलात की गार पडद्यावर आणि चार्जिंगच्या खाचेत दव धरतं. अर्धा तास तो पिशवीतच राहू द्या. घरी सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कातडी कव्हरला बुरशी येते, पावसाळ्यात ते काढूनच ठेवलेलं बरं. खारं वारं चार्जिंगच्या खाचेला हिरवट गंज आणतं, त्यामुळे किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ती खाच अधूनमधून बघत जावी. वाळवायला कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. ई-इंकचे पडदे साधारण ० ते ५० अंशांत काम करण्यासाठी बनवलेले असतात आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान त्याच्या वर जातं.

१३. वॉटरप्रूफ लिहिलंय. मग समुद्रावर नेला तर?

आकडे वाचा. आयपीएक्स८ या पाण्यापासून बचावाच्या दर्जाच्या पेपरव्हाइटची चाचणी २ मीटर गोड्या पाण्यात ६० मिनिटं झालेली असते, पण समुद्राच्या पाण्यात फक्त पाव मीटर खोलीवर ३ मिनिटं. खाऱ्या पाण्यात पडलाच तर लगेच गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी दिलेली नाही असा, तेव्हा रेतीपासून जपा. उजेडाचा दोष आणि वॉटरप्रूफ असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

१४. डोळ्यांना दोष दिसतो, पण मोबाइलच्या फोटोत एकतर दिसतच नाही नाहीतर भयंकर दिसतो. पुरावा कसा द्यायचा?

मोबाइलचा कॅमेरा रंग आणि उजेड आपल्या मनाने सुधारतो, गडबड त्यामुळे होते. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर, समजा ५००० केल्विनवर, पक्का करा आणि एक्स्पोजरही लॉक करा. रीडर टेबलावर सपाट ठेवा आणि कॅमेरा बरोबर वर, समोरून धरा, तिरका नको. मग उजेड कमी, मध्यम, पूर्ण आणि बंद असे चार फोटो काढा. कोणाचा चांगला रीडर मिळाला तर दोन्ही एकाच फोटोत घ्या, त्यासारखा पुरावा नाही. प्रश्न ४ मधला ‘उलटा करून’ काढलेला फोटोही जोडा. फोटोला फिल्टर लावू नका, तुमचीच बाजू लंगडी पडते.

१५. मुलाने मुंबईत मागवला आणि गणपतीला येताना आणला. इथे बघतो तर उजेड खराब. मुदत संपली. आता?

रिटर्नची मुदत गेली तरी वॉरंटी असते, बहुतेक रीडरना एक वर्षाची. बिल मुलाच्या खात्यावर असल्याने तक्रारही त्याच खात्यावरून करायला सांगा. तुम्ही वेगळ्या ईमेलवरून केलीत तर पहिले दोन आठवडे ओळख पटवण्यातच जातात. ‘पावसाळ्यात वापरला म्हणून झालं’ असं उत्तर आलं तर प्रश्न १२ मधली खूण वापरा.

चाकरमान्यांना कळकळीची विनंती आहे. आई-वडिलांसाठी रीडर घेत असाल तर खोका तसाच बांधून आणू नका. गाडीत बसण्याआधी एका रात्री प्रश्न ७ मधली तपासणी करून घ्या. गावातल्या बऱ्याच पिनकोडवर घरून परत न्यायची सोय नसते. मग म्हाताऱ्या माणसांना तो बांधून तालुक्याच्या गावी जाऊन पाठवावा लागतो, आणि बरेच जण त्या दगदगीपेक्षा खराब पीस ठेवून देतात. वाचायची हौस असलेल्या माणसाच्या वाट्याला हे येऊ नये.

पाठवावाच लागला तर मूळ खोक्यात, पडद्यावर पुठ्ठा ठेवून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

१६. कंपनी म्हणते, ‘हे नॉर्मल आहे.’ पुढे काय करता येतं?

लेखी विचारा की नॉर्मलची मर्यादा कुठे लिहिली आहे. ग्राहकाने रीडर घेण्याआधी वाचावी अशी उजेडाच्या समानतेची मर्यादा खोक्यावर छापलेली नसते. ती छापलीच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोषाची व्याख्या गुणवत्तेतली उणीव अशी आहे, आणि विक्रेत्याने जो दावा केला त्याप्रमाणे वस्तू नसणं हेही त्यात येतं. म्हणून विक्रीच्या पानावर ‘एकसारखा उजेड’ असं काही लिहिलेलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तक्रारीचं निवारण एका महिन्यात व्हायला हवं. सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

क्रम असा ठेवा: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. रत्नागिरीकरांचा आयोग रत्नागिरीत, सिंधुदुर्गवाल्यांचा ओरोसला, रायगडवाल्यांचा अलिबागला. कंपनी बंगळुरूची असो नाहीतर परदेशी, तुम्ही राहता तिथे तक्रार दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही.

१७. बदलून आलेला पीस पहिल्यापेक्षा वाईट आहे. किती वेळा बदलू?

असं होतं, कारण बदली पीस त्याच घाण्यातला असू शकतो. वॉरंटीत बदलून येणारा तर कित्येकदा दुरुस्त केलेला जुना पीस असतो. रिटर्नच्या मुदतीत असाल तर बदली मागण्यापेक्षा पैसे परत घ्या आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा मागवा, तोवर घाणा बदललेला असतो. वॉरंटीत असाल तर पहिला पीस पाठवण्याआधी नीट विचार करा. दोष वाचनात न येणारा असेल तर तोच ठेवा. मध्येच पडद्यावर रेघ, मोठा डाग किंवा अर्धं पान पिवळं असं काही असेल, तर कितीही वेळा बदलावा लागो, मागे हटू नका.

१८. सॉफ्टवेअर अपडेटने सुधारेल का?

ठसे आणि अक्षरांचा काळेपणा थोडा सुधारू शकतो, कारण कणांना वीज कशी द्यायची हे सॉफ्टवेअर ठरवतं. धूळ, गोंद आणि दिव्यांचा रंग यांवर अपडेटचा काही इलाज नाही. ‘अपडेटची वाट बघा’ असं सांगून मुदत घालवायला लावली तर ऐकू नका.

१९. आधी ठीक होता, कव्हर घातल्यापासून एका कडेने उजेड गळतो.

कव्हर काढून रात्री पुन्हा बघा. घट्ट कव्हर चौकट दाबतं आणि प्रकाशाचा थर किंचित हलतो. काढल्यावर एक-दोन दिवसांत ठीक झाला तर कव्हर बदला. एसटीच्या गर्दीत पाठीवरच्या पिशवीत रीडर पाण्याच्या बाटलीला लागून ठेवू नका. बहुतेक पडद्यांच्या मागे पातळ काच असते, वरून ओरखडाही नसताना ती आतून तडकते आणि अर्धं पान कायमचं गोठून राहतं. याला वॉरंटी मिळत नाही.

२०. मला पान पिवळं दिसतं, आजोबा म्हणतात पांढरं आहे. खरं कोणाचं?

दोघांचंही. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, मोतीबिंदूत तर जास्तच, आणि ज्याला ते सवयीचं झालंय त्याला पानाचा पिवळेपणा जाणवत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तोच रीडर अचानक निळसर वाटू लागला, अशी तक्रारही येते. तेव्हा रीडर बिघडलेला नसतो, तांबूस उजेड थोडा वाढवला की भागतं. रीडर आजोबांसाठी असेल तर तपासणी तुम्ही करा, पण ठेवायचा की नाही हे त्यांनी अर्धा तास वाचून ठरवावं. वाचायचंय त्यांना.